उसन्या नावाची मुलगी

पक्कड आतियारच्या हातून निसटली आणि सरळ परदेशात जाऊन पडली.

तो विजेच्या खांबावर होता. खांब भारतात. खांबाच्या बुडाशी हद्दीचा एक आखूड सिमेंटचा दगड, आणि दगडाच्या पलीकडची पायवाट, तिच्यावर वाकलेला फणस, पुढची तंबाखूची शेतं, घरं, माणसं, बदकं सगळी बांगलादेशाची. त्या गावाच्या चारी बाजूंना मात्र पुन्हा भारतच. अशा तुकड्याला आम्ही छिट म्हणतो. आमचं छिट कुर्शाबाडी. विजेच्या तारा आमच्या गावापर्यंत यायच्या, दगड बघायच्या आणि वळसा घालून निघून जायच्या.

पक्कड पडली ती मोरियमच्या पायापुढे. तिच्या डोक्यावर तंबाखूच्या पानांचा भारा होता. चैत्रातलं ऊन, पानांचा उग्र वास, घामाने कपाळाला चिकटलेली एक बट...

"अहो, जरा ती पक्कड द्या की वर!"

"कुठली पक्कड?"

"तुमच्या पायाशी आहे ती."

मोरियमने भारा तसाच एका हाताने सावरला, वाकून पक्कड उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. "ही होय? ही तर बांगलादेशात पडली. आता ती बांगलादेशाची झाली."

"मग मी काय करू?"

"ढाक्याला अर्ज करा."

वरून हसण्याचा आवाज आला. "उत्तर येईपर्यंत मी काय इथेच बसू?"

"बसा की. वर वारा छान लागतो म्हणतात."

आतियार कमरेचा पट्टा सोडून खाली उतरला. दगडापाशी येऊन थांबला, पायाची बोटं अगदी दगडाला टेकवून. उन्हाने रापलेला चेहरा, डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट. "येऊ का आत?"

"आत येणाऱ्याला इथे कुणी विचारत नाही," ती म्हणाली. "बाहेर जाणाऱ्याला विचारतात."

ती पक्कड पुढे करणार, तेवढ्यात त्याने विचारलं, "नाव काय तुमचं?"

झालं. तिच्या डोळ्यांतलं हसू गेलं. हेल्मेट, कंपनीची पिशवी, बाहेरचा माणूस आणि त्याने विचारलेलं नाव. आमच्या मुलांना नीट बोलता यायच्या आधी एक वाक्य पाठ करून घेतलं जायचं. तेच तिच्या तोंडून एका दमात बाहेर पडलं, "मोरियम खातुन, वडील खलिलुद्दीन मियां, गाव शिमुलटारी."

आतियारचा पुढे झालेला हात तिथेच थांबला.

"कोण खलिलुद्दीन? सुपारीच्या बागेवाले?"

"हो."

"डाव्या भुवईवर व्रण आहे ते?"

"हो... तुम्हाला कसं माहीत?"

"ते माझे आब्बा आहेत."

मोरियमच्या हातून पक्कड पडली. डोक्यावरचा भाराही पडला. तिने दोन्हींकडे पाहिलं नाही, ओढणी सावरत ती घराकडे पळत सुटली. मागून तो ओरडत होता, "अगं ऐक तरी! मी केरळला गेलो तेव्हा तर आब्बांना मी एकटाच होतो!"

---

आमच्याकडे प्रत्येक लेकराला दोन बाप. एक घरचा, एक कागदाचा.

छिटात शाळा नाही, दवाखाना नाही, पोलीस नाही, वीज नाही. शाळा बाहेर, भारतात. तिथे आपल्या बापाचं नाव सांगितलं की मूल परदेशी ठरतं. म्हणून शिमुलटारीसारख्या शेजारच्या भारतातल्या गावातल्या कुणा भल्या माणसाचं नाव उसनं घ्यायचं. बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर नवराही उसना. आमची सोनाभान नानी कच्ची सुपारी घातलेलं गुवा-पान चघळत सांगायची, "तीन बाळंतपणं, तीन दवाखाने, तीन नवरे. म्हाताऱ्याला एकाचंही नाव आठवत नाही, आणि मला तिघांचीही आठवण येते!"

मोरियमचा घरचा बाप काशेम आली. तो आणि खलिल पोरवयात एकत्र गुरं राखायचे, एक दगडाच्या अलीकडचा, एक पलीकडचा. मोरियम शाळेच्या वयाची झाली तेव्हा खलिलच म्हणाला, "माझं नाव लाव तिला. नाव काय झिजतं?" त्याबद्दल त्याने कधी काही घेतलं नाही. दर ईदेला मोरियम एक बदक घेऊन त्याच्या घरी जायची, शेवया खायची, हातभर बांगड्या घालून परत यायची. त्या घराच्या भिंतीवर सायकलवर बसलेल्या एका दात पडलेल्या मुलाचा फोटो होता. मोरियम शाळेत जायच्या आधीच केरळला मामाकडे गेलेला आणि नुकताच परतलेला आतियार तो हाच.

आणि काशेम? छिटाबाहेर पाऊल टाकलं की तो मुलीच्या दहा पावलं मागून चालायचा. बाजारात ती हरवली तरी तिला हाक मारायची नाही, अशी त्याने स्वतःला सवय लावली होती. परक्या माणसाने विचारलं की म्हणायचा, "ही? खलिल मियांची पोरगी."

---

त्या शेवटच्या खांबाचं काम काही केल्या संपेना. कंपनीचे बाकीचे वायरमन पुढच्या गावाला गेले, आतियारचं मात्र रोज काहीतरी राहून जायचं. मोरियमलाही रोज त्याच वाटेने काहीतरी न्यायचं असायचं. तंबाखू संपली, मग मका, मग तागाला खत.

"आज परदेशातून काय आणलंस?" तो वरून विचारायचा. दोघांचं 'अहो' कधीच गळून पडलं होतं.

"कैऱ्या. पण जकात भरावी लागेल."

"किती?"

"खाली उतरून दाखव, मग सांगते."

दगडाच्या एका बाजूला तो बसायचा, एका बाजूला ती. मध्ये मीठ-मिरचीची पुडी. कैरी कापताना त्याच्या बोटाचा तिच्या बोटाला स्पर्श झाला की दोघंही एकदम दूर कुठेतरी बघायला लागायची.

एकदा तो म्हणाला, "तुमच्या गावाला इंग्रजीत काय म्हणतात माहीतये? केरळात पेपरात वाचलं होतं. एन्क्लेव्ह."

"म्हणजे?"

"म्हणजे... एकाच्या मुलखात अडकलेला दुसऱ्याचा तुकडा. चारी बाजूंना एक, मध्ये दुसरा. ताबा दुसऱ्याचा."

"शब्द मोठा आहे. गाव एवढंसं," मोरियम म्हणाली. "नानी सांगते, जुन्या काळचे राजे सारीपाट खेळायचे आणि गावं पणाला लावायचे. हरले की गाव गेलं. खरं-खोटं कुणास ठाऊक."

आतियारने कैरीची कोय दोनदा या हातातून त्या हातात केली. "मग माझ्यातही एक झालंय बघ."

"काय?"

"एन्क्लेव्ह. म्हणजे... चारी बाजूंना मी आहे. पण मध्ये एक तुकडा आहे, तिथे माझं काही चालत नाही. तिथे—"

"तिथे काय?"

"तिथे बांगलादेशाचा ताबा आहे."

मोरियमने ओढणीचं टोक दातांत धरलं. कानापर्यंत लाल झाली. मग उठून चालू लागली, आणि फणसाखाली वळून म्हणाली, "जपून राहा मग. आम्ही घेतलेलं परत देत नाही."

---

ज्येष्ठ महिन्यात तिला नाव नोंदवायला दिनहाटा शहरात जायचं होतं. बारावी पास झाली होती आणि नर्सिंगच्या शाळेत तिचा नंबर लागला होता. आमच्या छिटातली पहिली मुलगी. आतियार सोबत निघाला. बसमध्ये दोघं शेजारी बसली. त्याने खिडकीची जागा तिला दिली. वाऱ्याने तिची ओढणी त्याच्या खांद्यावर यायची, ती ओढून घ्यायची, ओढणी पुन्हा जायची. तिसऱ्यांदा तिने ओढली नाही.

रस्त्यात तपासणीला बस थांबली. एक जवान आत चढला. एकेकाचं ओळखपत्र बघत त्यांच्यापाशी आला. मोरियमकडे फक्त शाळेचा दाखला होता.

"कुठली? आणि हा कोण तुझा?"

मोरियमने दाखला पुढे केला. तिच्या गावचा एक माणूस असाच बसमधून उतरवला गेला होता, तो थेट तुरुंगात गेला होता. जवानाने दाखल्यावरचं बापाचं नाव वाचलं, मग आतियारच्या कार्डावरचं.

"बहीण आहे माझी," आतियार म्हणाला.

जवानाने दोन्ही कागद परत दिले. बस निघाली. मोरियमने ओढणी ओढून घट्ट गुंडाळून घेतली.

परतीच्या बसमध्ये ती त्याच्यापासून एक बाक पुढे बसली. दगडापाशी आल्यावर तोच म्हणाला, "काय म्हणायला हवं होतं मी? तुला उतरवून घेतलं असतं त्यांनी."

"बरोबर बोललास तू."

"मग?"

"म्हणूनच तर..." तिचे डोळे भरले. "तू खोटं बोलला असतास तर बरं वाटलं असतं. कागदाने तू खरंच बोललास, आतियार. आपण कुठेही गेलो, कुठल्याही काजीपुढे उभं राहिलो, तरी हेच निघणार."

---

आषाढात वर्षानुवर्षं ऐकू येणारी बातमी खरी झाली. दोन्ही देशांनी छिटांची अदलाबदल करायचं ठरवलं होतं; कुर्शाबाडी आता भारताची होणार होती. दोन्हीकडचे साहेब एकत्र येऊन घरोघरची माणसं मोजणार, कुणाला कुठे राहायचं ते विचारणार. सगळीकडे पाण्यात कुजत घातलेल्या तागाच्या आंबूस वासाबरोबर हीच एक चर्चा. माणसं रडत होती, हसत होती, मिठाई वाटत होती.

मोरियमच्या घरात मात्र कुणी नीट जेवत नव्हतं.

खरा बाप सांगितला, तर ती काशेमची मुलगी म्हणून मोजली जाणार, आतियारशी लग्नाला मोकळी होणार. पण शाळेचे सगळे दाखले खोटे ठरणार, नर्सिंगची जागा जाणार, आणि नाव उसनं देणाऱ्या खलिलवर खटला होऊ शकणार. खलिल सांगितला, तर जागा राहील, खलिल सुरक्षित राहील, कागदाने ती भारताची आहेच. फक्त काशेमच्या घरात मुलगी नाही अशी नोंद होईल, ती कायमची. आणि आतियार कायमचा भाऊ.

मोजणीच्या आदल्या दिवशी दुपारी खलिल काशेमच्या अंगणात आला. पान कुटत बसला.

"काशेम, दोस्ता, मला भीती वाटते," तो म्हणाला. "या वयात कोर्टकचेरी नको. पोरांचं काय चाललंय ते मला कळतं. पण ती माझ्या घरात मुलगी म्हणून जेवली. आता सून कशी म्हणू? लोक काय म्हणतील?"

"तू नाव दिलंस म्हणून ती शिकली," काशेम म्हणाला. "तुला त्रास होईल असं मी काही बोलणार नाही."

मोरियम कुडाआड उभी होती. ती मागच्या दाराने निघाली ती दगडापाशीच थांबली. आतियार तिथे होताच.

"तू आब्बांचंच नाव सांग," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "जागा सोडू नकोस. नर्स हो. मी... मी भाऊ होऊन राहीन."

"जमेल तुला?"

तागाच्या डोहावरून एक बगळा उडून गेला.

"नाही," तो म्हणाला.

---

फणसाखाली टेबल मांडलं होतं. एक साहेब भारताचे, एक बांगलादेशाचे, दोघांच्या मध्ये एकच पंखा आणि तोही हाताने हलवायचा. सारा गाव चिखलात रांगेने उभा. शिमुलटारीचे लोकही बघायला आले होते. त्यांच्यात मागे खलिल होता, आणि त्याच्यापासून जरा दूर आतियार.

काशेमचं नाव पुकारलं. मोरियम त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. रात्रभर तिने एकच वाक्य घोळवलं होतं.

"कुठे राहणार?"

"इथंच. भारतात."

"घरात कोण कोण?"

"मी. बायको."

"आणि ही कोण?" भारताच्या साहेबांनी लेखणीने मोरियमकडे दाखवलं.

काशेमने साहेबाचा पांढरा शर्ट पाहिला, टेबल पाहिलं, शिक्का पाहिला. तो स्वतःच्या फणसाखाली उभा होता. पण जिथे साहेब बसतो ती जागा त्याच्यासाठी कायम बाहेरचीच होती. त्याची मान खाली गेली, आणि इतक्या वर्षांची सवय त्याच्या तोंडून बोलून गेली.

"ही? ही खलिल मियांची पोरगी."

साहेब पुढच्या ओळीकडे वळले.

"नाही," मोरियम म्हणाली.

"काय नाही?"

"मी यांची मुलगी आहे. काशेम आलींची. हा माझा आब्बा."

काशेमने घाबरून तिचा हात धरला. "गप. गप बस पोरी, जागा जाईल तुझी..."

"जाऊ दे."

साहेबांनी चष्मा काढला. "शाळेत कुणाचं नाव आहे?"

"दुसऱ्याचं."

"म्हणजे दाखले खोटे. त्यावर मिळालेलं सगळं जाईल, कळतंय ना? आणि ज्याने नाव दिलं त्याचं काय?"

"त्याने नाही दिलं," मोरियम म्हणाली. "त्याला काही माहीत नव्हतं. शाळेत मीच सांगितलं ते नाव."

"किती वर्षांची होतीस?"

"सहा."

"सहा वर्षांच्या मुलीने स्वतःचा बाप स्वतः ठरवला?"

"हो. मी लहानपणापासूनच लबाड आहे."

मागे गर्दीत हालचाल झाली. खलिल लोकांना बाजूला सारत पुढे येत होता.

"खोटं बोलतेय ती, साहेब. नाव मी दिलं. हा माझा दोस्त. याच्या लेकीला शाळेत जायचं होतं, माझ्याकडे नाव होतं, दिलं. काय करायचं ते माझं करा." मग काशेमकडे वळून ओरडला, "आणि तू रे! स्वतःच्या अंगणात उभा राहून माझी पोरगी म्हणतोस? लाज नाही वाटत?"

दोन्ही साहेब एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात रांगेतून सोनाभान नानीचा आवाज आला, "साहेब, त्या एका उसन्या बापावर अडलात होय? माझे तीन नवरे आहेत, माझा नंबर आला की आख्खा दिवस लागेल!"

आधी एक बाई हसली, मग सगळा गाव हसला. बांगलादेशाच्या साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. भारताच्या साहेबांनी चष्मा पुन्हा घातला.

"शाळेचं शाळा बघेल," ते म्हणाले. "माझ्या रकान्यात एकच बाप मावतो. आणि तो मुलीने नाही, घरच्या मालकाने सांगायचाय. काशेम आली, ही कोण?"

काशेमने आधी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना, अशा सवयीने. मग पुढे पाहिलं.

"माझी," तो म्हणाला. "माझी पोरगी."

---

नर्सिंगची जागा गेली. दाखल्यावरचं नाव बदलायला मोरियमला किती हेलपाटे पडले ते सांगत नाही. पुढच्या साली ती पुन्हा अर्ज करणार होती, आणि मिळेल असं कुणी छातीठोक सांगत नव्हतं. खलिलला एकदा ठाण्यात बोलावलं, चहा पाजला, परत पाठवलं. तरी त्या दिवशी काशेम सकाळपासून ठाण्याबाहेर बसून होता. परत येताना दोघं एका सायकलवर आले.

थंडी पडायला लागली तेव्हा खांब आले. सिमेंटच्या दगडाला वळसा न घालता सरळ फणसाच्या बाजूने आत. पहिल्या खांबावर कोण चढणार यावर वाद झाला नाही.

मोरियम तंबाखूची रोपं घेऊन त्या वाटेने निघाली होती. वरून काहीतरी पडलं, थेट तिच्या पायापुढे. पक्कड.

तिने ती उचलली. वर बघितलं. "मुद्दाम टाकलीस."

"निसटली," आतियार म्हणाला. "कुणाच्या मुलखात पडली?"

मोरियमने दगडाकडे पाहिलं. त्याच्यावर कुणीतरी गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. "तेच तर आता कळत नाही."

तो उतरला. हात पुढे केला, पण पक्कड घेतली नाही. कपाळावरचा घाम पुसून, अगदी साहेबासारखा खाकरला. "नाव?"

ती क्षणभर ताठ झाली. ते जुनं वाक्य ओठांपर्यंत आलं... आणि तिथेच थांबलं. तिने श्वास घेतला आणि भर रस्त्यात, कुणीही ऐकावं इतक्या मोठ्याने म्हणाली, "मोरियम खातुन. वडील काशेम आली. गाव कुर्शाबाडी."

रस्त्याच्या पलीकडे बदकं हाकणाऱ्या काशेमने मान वर केली. पण या वेळी मागे वळून पाहिलं नाही.

"आणि..." आतियारचा आवाज एकदम बारीक झाला. साहेबपणा कुठल्या कुठे गेला. "नवऱ्याचं नाव?"

मोरियमने पक्कड त्याच्या हातात ठेवली. आपला हात मात्र लगेच काढून घेतला नाही.

"तो रकाना रिकामा आहे," ती म्हणाली. "पण उसनं नाव चालणार नाही. कायमचं द्यायचं असेल तर बोल."